दोन दोऱ्यांचे विमान

गेल्या खेपेला माळा आवरताना सापडलेल्या पितळी डब्यांविषयी लिहिले होते. त्यावर शहापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले, "डब्यांशिवाय आणखी काही निघाले की नाही?" निघाले. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले एक विमान निघाले. आज त्याचीच हकिकत सांगतो.

विमान लहानसेच. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस इंच. बाल्सा लाकडाचे, त्यावर टिश्यू कागद आणि डोपचा हात. धड म्हणजे नुसती एक सपाट फळी. आमच्या दादांनी १९७४ साली ते घरीच बांधले. दादा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी बाहेरून येताना कॉक्स कंपनीचे 'बेबी बी' नावाचे इंजिन आणले होते. अंगठ्यापेक्षा थोडे मोठे, ०.०४९ घनइंचाचे, म्हणजे जेमतेम ०.८ घन सेंटिमीटर. पण सुरू झाले की अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहायची.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या विमानाला रेडिओ नसतो. ते दोन बारीक दोऱ्यांना बांधलेले असते आणि उडवणारा मधोमध उभा राहतो. विमान त्याच्याभोवती गोल फिरते आणि तोही त्याच्याबरोबर फिरतो. डाव्या पंखातून आत गेलेल्या दोऱ्या एका लहान त्रिकोणी तुकड्याला जोडलेल्या असतात. त्याला बेलक्रँक म्हणतात. हातातली मूठ वर कलली की एक दोरी ओढली जाते, बेलक्रँक फिरतो, त्याला जोडलेली तार शेपटीची पट्टी उचलते आणि विमान वर चढते. मूठ खाली कलली की विमान खाली. अमेरिकेत पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत 'यू-कंट्रोल' या नावाने लोकप्रिय केली. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतली मुले अशी विमाने उडवत आली आहेत.

मी तेव्हा एसएसएलसीला होतो. दादांनी मला मधे उभे केले, मागून माझे मनगट धरले आणि म्हणाले, "विमानाकडेच बघ, इकडेतिकडे बघितलंस की पडशील." दोऱ्यांतून हाताला जी ओढ लागते ती अजून आठवते. दावणीच्या वासरासारखी, सारखी बाहेर ओढणारी. दादा २०१९ मध्ये गेले. विमान माळ्यावर आहे हे मी विसरूनही गेलो होतो.

नात सहावीत आहे. तिने लुगडे सोडले, विमान हातात घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "आजोबा, हे उडतं?"

आता काय सांगणार! इंजिन घट्ट बसलेले. पन्नास वर्षांपूर्वीच्या इंधनातले एरंडेल आत सुकून डिंकासारखे झालेले. ते इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल. ते मिळवायचे कुठून? मिथेनॉल विषारी, पेटले तर दिवसा त्याची ज्योतही धड दिसत नाही. मुलांच्या घरात ते कशाला? शिवाय त्या इंजिनाचा कर्कश आवाज आज टिळकवाडीत कोण ऐकून घेईल? आणि माझी स्वतःची अडचण वेगळीच. दोन वर्षांपासून मला चक्कर येते. गोल फिरायचे नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. मी नातीला म्हणालो, "उडायचं एकेकाळी." आणि विमान कपाटावर ठेवून दिले.

संक्रांतीला आमचे व्याही धारवाडहून आले. वाचकहो, आमच्या व्याह्यांविषयी मी या सदरात कधी लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही घडलेच नव्हते. मुलाच्या लग्नाला तेरा वर्षे झाली. त्यांचे मराठी तोडकेमोडके, माझे कन्नड बाजारापुरते. भेटलो की "चहा झाला का?" आणि "मळे हेंगे?" यापुढे गाडी जात नसे. पावसाची चौकशी संपली की दोघेही वर्तमानपत्र हातात घेत असू. सूनबाई दोन्हीकडे भाषांतर करून दमायची. व्याह्यांनी चाळीस वर्षे मोटार वाइंडिंगचे दुकान चालवले. आसपासच्या किती गावांतल्या पंपांच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील कोण जाणे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी दुकान बंद केले. तेव्हापासून ते गप्पगप्पच असत.

नातीने ते विमान आपल्या अज्जांसमोर नेऊन ठेवले. त्यांनी चष्मा वर सरकवला, इंजिनाचा वास घेतला आणि म्हणाले, "हरळेण्णे." म्हणजे एरंडेल. मग त्यांनी नातीकडे केस वाळवायचे यंत्र मागितले. इंजिन सोडवून तासभर स्पिरिटमध्ये बुडवले, गरम केले, पुन्हा बुडवले. जबरदस्ती अजिबात नाही. तिसऱ्या खेपेला पंखा बोटाने ढकलला आणि इंजिन 'टक्' करून फिरले. मला एकदम दादा आठवले. मी उठून बाहेर गेलो.

परत आलो तर नात विचारत होती, "अज्जा, हे काढून इथे मोटार बसवता येईल?" व्याही म्हणाले, "येईल की." मी म्हणालो, "नको." दादांचे इंजिन काढून तिथे बॅटरीची मोटार बसवायची हे मनाला पटेना. मग विमानात दादांचे राहिले काय?

व्याही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग अर्धे कन्नड, अर्धे मराठी असे सांगू लागले. पूर्वी विहिरींवर ऑइल इंजिने असत. गावात वीज आली तशी लोकांनी ती काढून मोटारी बसवल्या. एक म्हातारा शेतकरी दुकानात येऊन अडून बसला होता की वडिलांचे इंजिन काढणार नाही. त्याला हे म्हणाले होते, "बावी अदे, नीरू अदे." विहीर तीच आहे, पाणी तेच आहे. हे मात्र सूनबाईला भाषांतर करून सांगावे लागले नाही.

मी हो म्हणायला आठ दिवस घेतले. मग कामाला लागलो. कोणाला असे काही करायचे असेल तर उपयोगी पडेल म्हणून तपशील देतो.

पहिली गोष्ट वजनाची. इंजिनाशिवाय विमान भरले ११० ग्रॅम. आजकाल ब्रशलेस नावाच्या ज्या मोटारी मिळतात त्यांतली २६ ग्रॅमची एक घेतली. तिला लागणारा स्पीड कंट्रोलर आणि टायमर मिळून १६ ग्रॅम, बॅटरी ३० ग्रॅम, पंखा आणि बैठक ८ ग्रॅम. म्हणजे ८० ग्रॅमची भर, एकूण १९०. इंजिन होते तेव्हापेक्षा थोडे जड, पण या पंखाला झेपणारे. अशा विमानाला साधारण ४०-४५ वॉट पुरतात. बॅटरी ७.४ व्होल्टची, मोटार ६ अँपिअर घेते. गुणाकार तुम्हीच करा.

मोटारीवर 'केव्ही १८००' असे लिहिलेले असते. मला वाटले किलोव्होल्ट. व्याह्यांना त्या आकड्याचा अर्थ सांगितला, एका व्होल्टला मिनिटात इतके फेरे, तर ते हसले. म्हणाले, तारेचे वेढे कमी आणि तार जाड असेल तर मोटार जास्त पळणार, वेढे वाढवले की सावकाश फिरणार. हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होते, फक्त नाव नवीन होते. या मोटारीला सहा इंच व्यासाचा, चार इंच पिचचा पंखा बसवला.

दुसरी गोष्ट नाकाची. जुन्या विमानाचे नाक एरंडेल पिऊन काळे पडलेले असते. तेलकट लाकडावर कुठलाच गोंद धरत नाही. आम्ही नाकाची पुढची पट्टी कापून काढली, उरलेले लाकूड थिनरने पुसले आणि तीन मिलिमीटरचे प्लायवूड अराल्डाइटने चिकटवले. मोटार अगदी सरळ बसवायची नाही. तिचे तोंड किंचित वर्तुळाच्या बाहेर, म्हणजे उजवीकडे वळलेले हवे. उजव्या पंखाच्या टोकात दहा-बारा ग्रॅम शिसे असते तेही राहू द्यायचे. सगळे एकाच कारणासाठी, दोऱ्या ताणलेल्या राहाव्यात म्हणून. दोऱ्या सैल झाल्या तर मूठ कितीही हलवा, विमानाला काही कळत नाही.

तिसरी गोष्ट तोलाची. बॅटरी धडाच्या उजव्या बाजूला चिकटपट्टीने आणि वरून रबराने बसवली. ती पुढेमागे सरकवून विमान पंखाच्या पुढच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर बोटांच्या टोकांवर तोलले. शेपूट जड असेल तर विमान हाती लागत नाही, हे दादांनी बजावले होते. मोटार विजेची असली तरी तो नियम बदलत नाही.

चौथी गोष्ट टायमरची. रेडिओ नसल्यामुळे मोटारीला 'चालू हो, थांब' हे सांगणार कोण? त्यासाठी बोटाच्या पेराएवढे एक सर्किट मिळते. कळ दाबली की ते काही सेकंद थांबते, तेवढ्यात आपण मधे जाऊन मूठ धरायची. मग ठरवलेला वेळ मोटार चालते आणि बंद होते. आमची बॅटरी ४५० मिलिअँपिअर-तासांची. पूर्ण रिकामी करायची नसते. साडेतीन मिनिटांत ती ऐंशी टक्के संपते, म्हणून तीन मिनिटांच्या पुढे जायचे नाही असे ठरवले. नवशिक्यासाठी सुरुवातीला एकच मिनिट.

तारांना डाग व्याह्यांनीच दिले. डोळे अधू झाले तरी हात तोच होता. पंखा न लावता मोटार पहिल्यांदा चालवली तर ती उलटी फिरली. मी घाबरलो, काहीतरी जळाले म्हणून. व्याह्यांनी तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, झाले! "थ्री फेज, बीगरे," ते म्हणाले. विहिरीवरची मोटार उलटी फिरली तरी हेच करतात. तेरा वर्षांत ते मला पहिल्यांदाच 'बीगरे' म्हणाले. आधी नुसते 'साहेब' म्हणत.

आता काळजीच्या दोन गोष्टी, आणि त्या कृपा करून नीट वाचा. एक, या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या. त्यांना त्यांचाच बॅलन्स चार्जर लावायचा. आमच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी प्रवाहाने साधारण तासभर लागतो. तो तासभर समोर बसायचे. चार्जिंगला लावून झोपायचे किंवा बाजारात जायचे नाही, पडद्याजवळ ठेवायचे नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. मोटारीला बॅटरी जोडली की पंखा फिरतोय असेच समजून बोटे लांब ठेवायची.

दुसरी, विजेच्या तारा. या विमानाच्या दोऱ्या बहुधा पोलादी असतात. आमच्या सुताच्या आहेत, पण ओली दोरीही वीज वाहून नेते. डोक्यावर किंवा आसपास तार असेल तिथे असे विमान कधीही उडवायचे नाही. दोरी नऊ मीटर, म्हणजे चारी बाजूंना पंधरा मीटर मोकळी जागा हवीच. त्या वर्तुळात कोणी येणार नाही हे बघायला एक माणूस वेगळा ठेवावा.

तर एका रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर गेलो. आधी ओढून बघितले. विमान पक्के धरून दोऱ्यांना दोन किलोचा ताण दिला, म्हणजे विमानाच्या वजनाच्या दहापट. काही निसटले नाही. खरी ओढ त्याच्या कितीतरी कमी असते. पाच सेकंदांत एक फेरी धरली तर विमान ताशी त्रेचाळीस किलोमीटरने जाते आणि हाताला सुमारे तीनशे ग्रॅमची ओढ लागते. अकरा वर्षांच्या मुलीला सहज पेलेल एवढीच.

मधे नात उभी राहिली. मी रेघेबाहेर. मूठ तिच्या हातात देताना माझा हात जरा जास्तच वेळ मुठीवर राहिला असे सूनबाई नंतर म्हणाली. पंधरा दिवस मी तिला अंगणात रिकामी मूठ धरून शिकवले होते. मनगट नव्हे, सबंध हात हलवायचा. विमानाकडेच बघायचे. व्याह्यांनी विमान धरले, टायमरची कळ दाबली, मोटार घुमू लागली आणि त्यांनी ते सोडले.

आवाज म्हणाल तर मोठ्या भुंग्याएवढा. विमान गवतावरून पळाले आणि उचलले गेले. एक फेरी, दोन, तीन. नात ताठ उभी राहून फिरत होती. चौथ्या फेरीला विमान खाली येऊ लागले तसे व्याही ओरडले, "मेले, मेले!" कन्नडमध्ये 'मेले' म्हणजे वर. पण मैदानाच्या कडेने फिरायला आलेले एक गृहस्थ धावत आले, "कोण मेले हो?" त्या गोंधळात नातीने मूठ इतकी वर केली की विमान सरळ आभाळाकडे झेपावले, दोऱ्या सैल झाल्या आणि ते पाठीवर येऊन गवतात आदळले.

पंखा मोडला, प्लायवूड सुटले. बाकी दादांचे काम होते तसे. नात रडवेली झाली. मी सांगितले, दादांनी माझ्या हातून पहिल्या दिवशी दोन पंखे मोडून घेतले होते. व्याही तिला म्हणाले, "निधान, पुट्टी. आणि दोरी सैल झाली की मागे सर." हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, नुसते बघून कळले होते.

दुसऱ्या रविवारी त्या एका मिनिटात बारा फेऱ्या पूर्ण झाल्या. मोटार थांबली, विमान निःशब्द तरंगत आले आणि गवतावर टेकले. नात मूठ खाली ठेवून आधी मटकन बसली, कारण तिला गरगरत होते, आणि मग हसायला लागली. आता ती दोन मिनिटे, चोवीस फेऱ्या उडवते. आरडाओरड्याचाही नियम ठरला आहे. मी 'वर' म्हणायचे नाही आणि अज्जांनी 'मेले' म्हणायचे नाही. दोघांनी नुसता हात वर करायचा.

दादांचे इंजिन आता बैठकीत, त्यांच्या फोटोजवळ आहे. फेकलेले नाही, विकलेले नाही. नात येताजाता त्याचा पंखा फिरवते आणि 'टक्' असा आवाज काढते. व्याह्यांचा दर रविवारी संध्याकाळी फोन येतो. किती फेऱ्या झाल्या, बॅटरी किती उरली, वारा होता का. माझे कन्नड सुधारले असे ते म्हणतात. सूनबाईला ते पटत नाही.

एक गोष्ट राहिली. परवा सगळे आवरल्यावर नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदा धरा ना." मी म्हटले, मला फिरता येत नाही. ती म्हणाली, "फिरू नका. नुसतं उभं राहा." पलीकडे नऊ मीटरवर व्याह्यांनी विमान हातात धरले, मी मूठ धरली आणि दोऱ्या ताणल्या. मूठ वर केली, शेपटीची पट्टी उचलली. खाली केली, खाली आली. मग व्याह्यांनी विमान हलकेच आपल्याकडे ओढले, आणि पन्नास वर्षांनी तीच ओढ हाताला लागली.

तुमच्याही माळ्यावर असे काही गुंडाळून ठेवलेले असेल तर काढून बघा. आणि व्याही आले असतील तर त्यांनाही दाखवा.